न वाजलेले सूर

छातीच्या दवाखान्यात कान तपासणारी बाई कशाला लागते, असं नातेवाइकांपैकी कुणी ना कुणी विचारायचंच. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "छाती वाचवायला जे इंजेक्शन देतात ना, ते कान खातं. मी राखण करत बसते." एवढं ऐकल्यावर पुढे कुणी फारसं विचारत नसे. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, आडनाव होतं, हुद्दाही होता. पण पेशंट, नर्सेस, आया सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणत, आणि बारा वर्षांत बाईही त्याच हाकेला ओ द्यायला लागल्या होत्या.

त्यांच्याकडे यायची ती माणसं नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय झालेली. कुणी वर्षभर गोळ्या खाऊन दमलेलं, कुणी दोनदा बरं होऊन दोनदा परत पडलेलं. त्यांना महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. ती रोज थोडी थोडी द्यावीत, की आठवड्यातून तीनदाच पण मोठ्या मापाने द्यावीत, कशात आजार हटतो आणि कान वाचतो, याचा अभ्यास मोठ्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी हाती घेतला होता. बेचाळीस जणांनी त्यासाठी सह्या केल्या होत्या. या प्रत्येकाचे कान महिन्याच्या महिन्याला तपासायचे, हे बाईंचं काम.

काम सोपं दिसे, पण तसं नव्हतं. या इंजेक्शनाने आधी जातात ते बारीक, उंच सूर. बोलणं बरेच दिवस कळत राहतं, त्यामुळे आपलं काही हरवतंय हे त्या माणसाच्या गावीही नसतं. मशीनला मात्र कळतं. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मशीनपाशी बाई. त्यांनी सूर द्यायचा, पेशंटला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, बाईंसमोर दिवा लागायचा. असे एकेक सूर घेत कागदावर रेघ काढायची. उंच सुरांपाशी रेघ ठरलेल्या मापाखाली घसरली, की इंजेक्शन बंद करून पेशंटला दुसऱ्या गोळ्यांवर न्यायचं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं तेवढं वाचतं.

या बेचाळीस जणांत एक किल्लीवाला होता. चाळिशीतला, अंगाने काटकुळा, बाजाराच्या कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या पाडून द्यायचं एका माणसाला पुरेल एवढं दुकान. आला की आधी थट्टा. "बाई, घरची किल्ली हरवली तर पोलिसांत जाऊ नका, माझ्याकडे या. चोरांचीही सोय करतो मी, तुम्ही तर ओळखीच्या." त्याच्याबरोबर नेहमी त्याची थोरली बहीण असायची. तिला तो ताई म्हणे, म्हणून दवाखानाही तिला ताईच म्हणत असे. त्याचं इंजेक्शन, त्याची तपासणी होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर हातात पिशवी घट्ट धरून बसून राही.

किल्लीवाला मोठ्या मापाचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी होता. सहा महिने झाले तरी त्याची रेघ जागची हलली नव्हती. मोठ्या डॉक्टरांकडे कुणी बाहेरचं आलं, की त्या स्वतः फायलींतून त्याचाच कागद काढत. "हे बघा. सहा महिने. जशीच्या तशी." बाईंनाही त्या कागदाचा अभिमान वाटे. रेघ त्यांच्या हातची होती.

त्या बुधवारी किल्लीवाला पहिल्या नंबरला होता. बाईंनी त्याला आत बसवलं, दार लावलं, उजवा कान घेतला. दिवा लागत गेला. जाडा सूर, मधला, बारीक, अगदी बारीक. मग डावा कान. तोही स्वच्छ. बाहेर येऊन तो म्हणाला, "पास का?"

"पहिला नंबर," बाई म्हणाल्या.

त्याच्यानंतर एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांचा उजवा कान बाईंनी सुरू केला. जाडा सूर दिला, दिवा लागला नाही. मोठा करून दिला, तरी नाही. काचेतून पाहिलं, तर शिक्षिकाबाई बटण धरून वाट बघत ताठ बसलेल्या. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच हेडफोन काढला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"अहो, उजव्या कानात काहीच येत नाहीये. काल तर मी फोनवर याच कानाने बोलले. असं एका रात्रीत जातं का हो?"

बाई आत गेल्या. हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला आणि मावशींना बाहेरून बटण दाबायला सांगितलं. मावशी म्हणजे त्या मजल्यावरची झाडलोट करणारी आया. डावीकडे सूर आला. उजवीकडे शांतता. बाईंनी भिंतीपाशी वाकून पाहिलं, तर हेडफोनची उजव्या बाजूची लाल पिन बोटभर बाहेर आलेली. सकाळी फरशी पुसताना धक्का लागला असणार. त्यांनी ती आत दाबली आणि शिक्षिकाबाईंचा हात हातात घेतला. "घाबरू नका. तुमचा कान शाबूत आहे. चूक माझी आहे."

शिक्षिकाबाईंची तपासणी नीट झाली. त्या हसत घरी गेल्या. बाई खुर्चीवर बसल्या, समोर किल्लीवाल्याचा कागद होता, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

पिन सकाळपासूनच निघालेली होती. म्हणजे किल्लीवाल्याच्या उजव्या कानात एकही सूर गेला नव्हता. आणि त्याने एकूण एक सुराला बटण दाबलं होतं.

बाई उठल्या, मावशींना म्हणाल्या, "मावशी, माझ्या खुर्चीवर बसा. हे बटण मनाला येईल तेव्हा दाबा, थांबा, परत दाबा."

"मला काय त्यातलं कळतंय?"

"कळायला नकोच आहे."

बाई पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. काचेतून मावशींचं तोंड दिसत होतं. हात दिसत नव्हता. मशीनच्या उभ्या झाकणाआड तो लपलेला, ती काळजी बाईंनी पहिल्या दिवसापासून घेतली होती. पण मावशींच्या मागे, जरा बाजूला, फायलींचं कपाट होतं. काचेच्या दारांचं. त्या काचेत टेबल दिसत होतं, टेबलावर मावशींचा हात, आणि हाताचं एक बोट. बोट खाली गेलं. वर आलं. परत गेलं. आरशात दिसावं इतकं स्वच्छ.

कपाट सात महिन्यांपूर्वी आलं होतं. फायली जमिनीवर पडतात म्हणून बाईंनीच वर्षभर मागे लागून ते आणवलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती कपाटापेक्षा जड होती. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत बाईंनी स्वतः हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि वहीत सही करायची, असा नियम होता. बारा वर्षं त्यांनी तो पाळला. गेले दोन-तीन महिने गर्दी वाढली तशा त्या सोमवारी आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम करून टाकत होत्या. बुधवारच्या रकान्यातही सही होती. न ऐकताच केलेली.

घरी नवऱ्याच्या लक्षात आलंच. सायकलींचं दुकान होतं त्याचं. चाकाची डगमग एका नजरेत ओळखणारा माणूस, बायकोचं तोंड ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? बाईंनी सगळं सांगितलं.

"पिन निघाली होती, एवढंच सांग," तो म्हणाला. "सह्यांचं कशाला काढतेस? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायची काही गरज आहे का?"

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्याने ते परत पुढे ओढलं. "तू सांगणारच आहेस. मग दोन घास खाऊन तरी घे."

शुक्रवारी किल्लीवाला इंजेक्शनाला आला, तेव्हा बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. कपाटावर त्यांनी पांढरी चादर टाकून ठेवली होती. दारातच त्याची नजर तिच्यावर गेली आणि तो थांबला.

"कपाट झाकलंत," तो म्हणाला.

"हो."

कुलपं उघडून पोट भरणारा माणूस. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. तो स्टुलावर बसला. "कधी कळलं?"

"बुधवारी. उजव्या बाजूची पिन निघाली होती. आवाज येतच नव्हता."

तो हसला. हसताहसता खोकला आला, तो ओसरेपर्यंत दोघं थांबले. "म्हणजे मुक्या मशीनला मी होय जी, होय जी करत बसलो होतो."

"कधीपासून?"

"चौथ्या महिन्यापासून. आधीचे सगळे खरे होते, देवाशप्पथ. कुलूप उघडताना आत एकेक खिट्टी बसते ना, तिची टिक होते. ती यायची बंद झाली. मला वाटलं, कुलपंच हल्ली निकृष्ट यायला लागलीत. मग एकदा इथे बसलो असताना कपाटाच्या काचेत तुमचा हात दिसला. मुद्दाम शोधला नाही हो मी. समोरच होता. सूर आला नाही, पण बोट हललं, मी दाबलं. आणि तुम्ही म्हणालात, शाबास."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर इंजेक्शन बंद झालं असतं." त्याचा आवाज खाली आला. "आमच्या धाकट्या भावाचं असंच बंद केलं होतं. हाच आजार. औषधाने कावीळ झाली, म्हणाले, पंधरा दिवस थांबू. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. तिसऱ्या महिन्यात तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. शेवटी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून श्वास घ्यायचा, आम्ही तो मोजायचो." तो थांबला. "कान गेला तर माणूस जगतो, बाई. छातीच गेली तर कान घेऊन मी काय करू?"

"तेव्हा या गोळ्या नव्हत्या. आता आहेत. नुसतं बंद करून सोडून देणार नाहीत तुम्हाला."

"तेव्हाही असंच गोड बोलले होते." तो पुढे झुकला. "दोन महिने राहिलेत फक्त. तेवढे जाऊ द्या. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

बाईंना त्याच्याकडे बघवेना. तरी त्या बघत राहिल्या, कारण त्यांच्या तोंडावर मास्क होता आणि किल्लीवाला त्यांचे शब्द डोळ्यांवरून लावत होता, हे आता त्यांना दिसत होतं. त्या बाहेरच्या उघड्या खिडकीपर्यंत मागे सरकल्या, मास्क हनुवटीखाली ओढला आणि सावकाश म्हणाल्या, "तुमची रेघ दाखवून पुढच्या माणसांना हेच इंजेक्शन, याच मापाने देणार आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही."

"ते मला नका सांगू. मी माझ्यापुरतं पाहिलं."

मग तो स्वतःच उठला, आत गेला आणि हेडफोन चढवला. बाईंनी दार लावलं.

जाड्या सुरांना दिवा लागला. मधल्यांना लागला. पुढे बाई सूर मोठा करत गेल्या, आणखी मोठा, आणि दिवा लागेना. दोन्ही कानांचे वरचे तीन सूर गेले होते. चौथा काठावर होता. एवढा सगळा वेळ किल्लीवाला झाकलेल्या कपाटाकडेच बघत होता.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत त्या वेळी तपासनीस साहेबही बसले होते. अभ्यासाचे कागद बरोबर भरले जातात की नाही हे बघायला ते महिन्यातून एकदा येत. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिन, कपाट, किल्लीवाल्याची कबुली. शेवटी सह्यांची वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवली.

डॉक्टरांनी वहीची पानं मागे मागे चाळली. "सोमवारी सगळ्या करता?"

"अडीच महिने. त्याआधी नाही."

"नक्की?"

"नक्की."

तपासनीस साहेबांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो; कागद जुळला की त्याला बरं वाटायचं, इतकंच. "हे बघा डॉक्टर, अकरा दिवसांवर अभ्यासाच्या सुरक्षा समितीची बैठक आहे. तुमचा अहवाल तयार आहे. बेचाळीसपैकी फक्त तिघांच्या कानांना इजा. बुधवारची ती एक तपासणी बाद करा. यंत्राचा दोष, मिटलं. बाकी पेशंट काय बोलतो त्याला पुरावा काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या. खाली अंगणात सकाळचे पेशंट उन्हाला बसले होते. चार वर्षं त्यांनी या अभ्यासासाठी खेटे घातले होते, हे बाईंना माहीत होतं.

"सगळ्यांना परत बोलवा," त्या वळून म्हणाल्या. "आजपासून. कपाट बाहेर काढा. तपासायला दुसऱ्या हॉस्पिटलातून माणूस मागवा." मग बाईंकडे बघून, आवाज न चढवता, "तुम्ही मशीनला हात लावायचा नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. बारा वर्षांत त्यांना कुणी असं सांगितलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस बाई दाराबाहेर टेबल टाकून बसल्या. नावं पुकारायची, फाइल द्यायची, परत घ्यायची. आत एक तरुण मुलगी दुसरीकडून आणलेल्या मशीनवर तपासत होती. बेचाळीसपैकी दोघं आजारानेच गेले होते, एक गाव सोडून गेला होता. एकोणचाळीस आले. तिघांचे कान खराब आहेत हे आधीच माहीत होतं. नवे आठ निघाले.

आठांपैकी किल्लीवाल्याखेरीज आणखी एकाने काचेत बघत होतो असं कबूल केलं. उरलेल्यांना आपण काही करतोय हेच ठाऊक नव्हतं. एक म्हातारा ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "बाई, तुमचा हात हलला की सूर येतो, असंच धरून चाललो होतो मी. सूर असाच असतो वाटलं." आठांतले सात मोठ्या मापाचं इंजेक्शन घेणारे होते.

समितीची बैठक झाली. मोठं माप बंद झालं. वय आणि वजन बघून ते कमी करायचं ठरलं, आणि कान महिन्याऐवजी दर पंधरवड्याला बघायचे ठरले. आठही जणांचं इंजेक्शन थांबवून त्यांना गोळ्यांवर घातलं. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली तळमजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत झाली. अहवालात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: तंत्रज्ञाकडून दैनंदिन पडताळणीत कसूर. ओळ खरी होती.

त्या खोलीत जाऊन चार दिवस झाले असतील, ताई दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"तुम्हाला भाऊ आहे का?" तिने विचारलं.

"आहेत. दोन."

"मला एकच उरलाय." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "औषध थांबवलं म्हणजे काय होतं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. कागद तुमचा सुधारला असेल. त्याला काही झालं तर मी इथे येऊन बसेन, सांगून ठेवते. उठणार नाही."

गोळ्या तितक्याच जोरकस आहेत, डॉक्टरांनी विचार करूनच दिल्यात, हे सगळं बाईंच्या ओठांवर होतं. तेवढ्यात ताई गेली.

गोळ्या सुरू झाल्यानंतरचा किल्लीवाल्याचा पहिला थुंकीचा अहवाल वाईट आला. चार महिने स्वच्छ येणाऱ्या नमुन्यात जंतू दिसले. बाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी विचारायला गेल्या होत्या. तिथल्या माणसाने कागद उलटा करून दाखवला आणि लगेच परत घेतला. जंतू जिवंत की मेलेले हे कळायला ते वाढतात का ते बघावं लागतं, आणि त्याला सहा आठवडे लागतात.

ते सहा आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नोंदी लिहिताना आकडे चुकायचे, खोडून परत लिहायच्या. जिन्यात कुणाची पावलं वाजली, की ताई आली असं वाटे. एकदा बाजारातून जाताना मुद्दाम वाट वाकडी करून त्या किल्लीवाल्याच्या दुकानाकडे गेल्या. फळी लावलेली होती. शेजारचा म्हणाला, तब्येत बरी नाही, दोन दिवस आला नाही. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी गप्प बसले असते तर?"

तो स्पोक आवळत होता. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी तुला गप्पच बसायला सांगितलं होतं. म्हणजे मी बरोबर होतो असं नाही. मला माहीत नाही."

सातव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टर स्वतः तळमजल्यावर आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "काहीही वाढलं नाही," त्या म्हणाल्या. "मेलेले जंतू होते. शरीर टाकून देत होतं ते." आणि कपाळावरचा घाम पुसून तिथल्याच स्टुलावर बसल्या. मग डॉक्टर उठून वर गेल्या.

पुढचे सगळे नमुने स्वच्छ आले. वर्षभराने बाईंची पुन्हा परीक्षा घेतली गेली, आणि त्यांना परत मशीनवर बसवलं. आता रोज सकाळी त्या हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकत, एकदा नव्हे दोनदा, मगच सही. मावशी म्हणत, "बाई, किती ऐकाल?" बाई नुसत्या हसत.

किल्लीवाल्याचे उपचार संपले, तेव्हा शेवटच्या तपासणीला तो आला. अंगावर मांस आलं होतं, गालांचे खड्डे भरले होते. थट्टा केली नाही. खुर्ची आता भिंतीकडे तोंड करून होती. तो बसला आणि न सांगता डोळे मिटून घेतले.

रेघ मागच्यासारखीच आली. अर्धं अंतर सरळ, मग कड्यावरून सुटल्यासारखी खाली. आणखी घसरली नव्हती, सुधारलीही नव्हती. बाहेर येऊन त्याने कागद मागितला आणि घसरलेल्या भागावर बोट ठेवलं.

"यात काय काय गेलं ते तरी सांगा."

बाई त्याच्या समोर येऊन बसल्या. "घड्याळाची टिकटिक. बोलण्यातले स आणि श. लहान मुलांचं बोलणं पुसट होणार. चिमण्यांचा आवाज."

"चिमण्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं," तो म्हणाला. "दुकानामागचं झाड तोडलं ना, म्हणून गेल्या असतील असं समजत होतो मी."

तो कागदाकडे बघत राहिला. दुकान चालू आहे म्हणाला. कुलपावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून खिट्टी बसल्याचं समजून घेतो, वेळ लागतो. फार नाजूक काम असलं की समोरच्या दुकानात पाठवतो.

"तुम्ही सांगितलं नसतं तर काय झालं असतं?"

"आणखी दोन महिन्यांत बोलणंही कळेनासं झालं असतं. बहुतेक."

"आणि सांगितलंत म्हणून छाती गेली असती तर?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्याने मान हलवली, कागदाची नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

बाहेर बाकावर ताई होती. बाईंना बघून ती उठली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. जरा वेळाने म्हणाली, "घरात मी बोलते ते याला अर्धंच कळतं. मी ओरडते, मग हा चिडतो. दिवसभर आमचं तेच."

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "ओरडल्याने त्यांना नुसता गोंगाट होतो. स्वयंपाकघरातून हाक मारू नका. समोर उभं राहायचं, तोंड दिसू द्यायचं, आणि नेहमीच्या आवाजात, सावकाश."

"एवढंच?"

"एवढंच. आणि उजेडाकडे तुमचं तोंड हवं."

ताई उठली. किल्लीवाला खिडकीकडे पाठ करून उभा होता. त्याच्यासमोर जाऊन, पिशवी खांद्यावर अडकवून, ती नीट उभी राहिली.

"भूक लागली का?"

"लागली," तो म्हणाला.

"मग चल."

दोघं जिन्याकडे गेले. बाईंनी पुढची फाइल उचलली आणि नाव पुकारलं.